सुटीतले पाहुणे मास्तर



खते, बियाणे आणि कीड-रोग यांच्यावर लिहिणारा माणूस आज पोरांच्या अभ्यासावर लिहायला बसला आहे, याचे तुम्हांला नवल वाटेल. शेतीखात्याच्या माणसाने शेतीचे बोलावे, मास्तरांच्या कामात कशाला लक्ष घालावे, असेही कोणी म्हणेल. पण माझा या कामाशी संबंध आला तो माझ्याच एका चुकीमुळे. ती आधी सांगतो.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. अंबरनाथच्या पूर्वेला पालेगाव आहे. आता गाव म्हणायचे ते जुन्या घरांपुरतेच. एका अंगाला आनंदनगरची औद्योगिक वसाहत, दुसऱ्या अंगाला आभाळात गेलेल्या इमारती. ज्यांच्या जमिनी अजून हातात आहेत ते पावसाळ्यात भात लावतात. भात निघाल्यावर कोणी वाल टाकतो आणि ज्याच्याकडे पाण्याची सोय आहे तो काकडी, भेंडी करून अंबरनाथच्या बाजारात नेतो. अशाच एका दादांच्या भेंडीवर मार्च महिन्यात तुडतुडे आले. मी पीक पाहिले, औषध सांगितले आणि नेहमीप्रमाणे एक चिठ्ठी लिहून दिली. किती लिटर पाण्यात किती मिली, तोंडाला फडके बांधा, वाऱ्याच्या दिशेने फवारा, फवारल्यावर इतके दिवस भेंडी तोडू नका, सगळे त्या चिठ्ठीत होते. चिठ्ठी दिली म्हणजे आपले काम झाले, अशी माझी तोवरची समजूत.

दादांना वाचता येत नव्हते. मुलगा सातवीत होता, म्हणून चिठ्ठी त्याच्या हाती गेली. त्याने त्यातले आकडे बरोबर ओळखले, दहा आणि वीस. अक्षरे मात्र त्याला लागली नाहीत. दहा लिटरला वीस मिली असे मी लिहिले होते. बाप-लेकांनी दहा लिटरच्या पंपात मोजून वीस टोपणे औषध ओतले. भेंडीची पाने करपली ते एक वेळ सोडा. दादांना संध्याकाळी मळमळ सुरू झाली, गरगरू लागले आणि रात्र दवाखान्यात काढावी लागली. बाटलीवर विषाची खूण म्हणून रंगीत त्रिकोण असतो, लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. तो त्रिकोण कशाचा हेही त्या घरात कोणाला ठाऊक नव्हते. मीही सांगितले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी घरी गेलो तेव्हा मुलगा मागल्या दारी उभा होता. त्याची आई म्हणाली, "साहेब, ह्यो सातवीला हाय. पास होतो दर वर्साला." मी त्याला जवळ घेऊन चिठ्ठी वाच म्हटले. तो आकड्यांशी आला की मोठ्याने वाची आणि मधल्या शब्दांवर गप्प बसे. माझे अक्षर वाईट आहे हे मला मान्य आहे. म्हणून मी त्याला त्याच्याच पुस्तकातला धडा वाचायला दिला. तिथेही तेच.

मंडळी, वरच्या वर्गात जाणे आणि वाचता येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. तुमच्या घरातले पोर या दोहोंपैकी नक्की काय करते आहे, हे तुम्ही कधी बसून पाहिले आहे का? 'प्रथम' या संस्थेने २००५ सालापासून 'असर' नावाची एक पाहणी चालू केली. तिच्यात खेड्यांतल्या घरी जाऊन मुलांपुढे चार ओळी ठेवतात आणि वाच म्हणतात. २०२४ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागात पाचवीत असलेल्या शंभर मुलांपैकी सुमारे ४९ मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. करोनाच्या साथीनंतर २०२२ मध्ये हाच आकडा ४३ च्या आसपास गेला होता. म्हणजे पालेगावचा तो पोरगा काही एकटा नाही.

त्या गावात संध्याकाळी एक अभ्यासवर्ग चालतो. एक लहानशी सेवाभावी संस्था तो चालवते. देवळाच्या मंडपात, शाळा सुटल्यावर पाच ते सात. एक ताई आणि चाळीसेक मुले. मुलांत गावातली आहेत, जवळच्या आदिवासी वाडीवरची आहेत आणि इमारतींच्या कामावर आलेल्या मजुरांचीही आहेत. एकटी ताई चाळीस मुलांना काय काय पुरणार? गृहपाठ करून घेता घेताच दिवेलागण होते. मुलगा त्या वर्गाला जात होता का, म्हणून मी विचारले. चार दिवस गेला होता, मग सोडला. लहान पोरे हसतात म्हणाला.

उन्हाळ्यात कॉलेजची मुले मदतीला मिळाली तर बरे होईल, असे ताई बोलता बोलता म्हणाली. मुले आणून देणे मला अवघड नव्हते. कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाला मुलांना खेड्यात राहून काम करावे लागते. कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणून ती तुमच्याही गावी आली असतील. त्यांच्यामुळे कॉलेजांतल्या प्राध्यापक मंडळींशी माझी ओळख होती. शिवाय २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणानंतर इतर शाखांच्या मुलांनाही असे बाहेरचे काम करून त्याचे गुण मिळवण्याची सोय झाली आहे. या मुलांना हल्ली 'इंटर्न' म्हणतात. आपल्याकडे सुताराच्या, लोहाराच्या हाताखाली पोरे उमेदवारी करीत, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच, की सुताराकडचा उमेदवार चुकला तर लाकूड वाया जाई.

पहिला उन्हाळा

मे महिन्यात बारा मुले-मुली आली. मोठ्या उत्साहाची आणि चांगल्या घरची. कोणी रंगीत कागद आणले, कोणी चेंडू, कोणी खाऊ. गाणी झाली, चित्रे झाली, कागदाच्या होड्या झाल्या. एक दिवस हात धुण्याचे प्रात्यक्षिक झाले. पोरे खूष होती आणि आयाही खूष होत्या, कारण उन्हात हिंडणारी पोरे दोन तास एका जागी बसत होती. शेवटल्या दिवशी छोटा समारंभ झाला. मलाच पाहुणा म्हणून बोलावले आणि मीही नारळ घेऊन चार शब्द बोललो. फोटो काढले, प्रमाणपत्रे दिली आणि मुले गेली.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर मी मुद्दाम वर्गावर गेलो आणि पाच-सहा मुलांना वाचायला लावले. मे महिन्याच्या आधी जी वाचत होती ती वाचत होती. जी वाचत नव्हती ती अजूनही वाचत नव्हती. नवीन गाणी मात्र सगळ्यांना पाठ होती.

माझ्या नोकरीत मी हे पूर्वी पाहिलेले आहे. बांधावर प्रात्यक्षिक घ्यायचे, रजिस्टरात शेतकऱ्यांच्या सह्या घ्यायच्या, फोटो काढायचा आणि जीपमध्ये बसायचे. पुढल्या हंगामात पीक होते तसेच. राब भाजू नका, त्या पाल्याचे खत करा, हे मी तीस वर्षे सांगतो आहे, आणि आजही फाल्गुन-चैत्रात कल्याण-कर्जतच्या पट्ट्यात धूर दिसतो तो दिसतोच! मला ऐकणाऱ्यांचा राग यायचा. त्या जूनमध्ये प्रथमच मनात आले, की सांगणाऱ्याच्या पद्धतीतही काही चुकत असेल.

ताईला मी विचारले, तेव्हा तिने न रागावता सगळे सांगितले. रोज निराळी मुले येत. आज तिघे, उद्या सातजण. पोराचे नाव पाठ होईतो शिकवणारा बदललेला असे. कोणाला काय येते हे न पाहता सगळ्यांना एकच धडा. पुढे बसणारी हुशार मुले उत्तरे देत आणि पाहुण्यांना वाटे सगळ्यांना समजले. मागे बसणारा मागेच राहिला. आणि ज्याच्यासाठी मी हा खटाटोप केला होता तो भेंडीवाल्या दादांचा मुलगा महिनाभर मंडपाकडे फिरकलाच नाही. तो शेळ्या घेऊन माळावर होता.

इतरांनी काय केले होते

मी थोडी विचारपूस केली, थोडे वाचले. या वाटेने आपल्या आधी बरेच लोक गेले आहेत, हे तेव्हा कळले.

मुंबईत १९८८ साली 'डोअर स्टेप स्कूल' सुरू झाले ते एका प्राध्यापिकेने आणि तिच्या विद्यार्थिनीने मिळून. समाजकार्य शिकवणाऱ्या रजनी परांजपे आणि त्यांच्याकडे शिकणाऱ्या बीना शेठ लष्करी. म्हणजे उमेदवारी करायला वस्तीत गेलेली मुलगीच ते काम धरून बसली. पुढे त्यांनी रस्त्यावरच्या मुलांसाठी एका बसमध्येही वर्ग भरवला. मूल वर्गाकडे येत नसेल तर वर्गाने मुलाकडे जावे, हा त्यातला विचार.

हाच विचार आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यात त्याच्याही कितीतरी आधी होऊन गेला होता. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ तेव्हापासून त्यांच्याबरोबर होत्या. आदिवासी पाड्यांवरची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा या बायांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली आणि तिला अंगणवाडी हे नाव पडले. आज सरकारी अंगणवाडी गावोगाव आहे, पण तो शब्द या मातीतला आहे, हे किती जणांना ठाऊक असेल? पुढे केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा काढली. गुरे चरताहेत आणि मुले तिथेच शिकताहेत. कोसबाड आता २०१४ पासून पालघर जिल्ह्यात मोडते. माळावर शेळ्या राखणाऱ्या आमच्या पोराला हसण्याआधी मी ही गोष्ट वाचायला हवी होती.

दुसरी गोष्ट 'प्रथम'ची. ही संस्थाही मुंबईतच, १९९० नंतरच्या दशकात उभी राहिली. महापालिकेच्या शाळांत त्यांनी 'बालसखी' नेमल्या. या काही मोठ्या पदव्या घेतलेल्या नव्हत्या. वस्तीतल्याच, शालेय शिक्षण झालेल्या तरुण मुली. मागे पडलेली पंधरा-वीस मुले रोज दोन तास त्यांच्याकडे द्यायची आणि बालसखीने त्यांच्याकडून अगदी पायापासून करून घ्यायचे. मुंबई आणि वडोदरा इथे २००१ ते २००३ या काळात याची नीट परीक्षा घेतली गेली. काही वर्गांना बालसखी दिली, काहींना दिली नाही आणि दोन्हींकडची मुले तपासली. आपण शेतात एका वाफ्याला खत घालून दुसरा कोरा ठेवतो, तसेच. बालसखी दिलेल्या वर्गांतली मुले पुढे गेली आणि सर्वांत जास्त फायदा मागे पडलेल्या मुलांचा झाला. ही परीक्षा घेणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो हे होते. त्यांना २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

मला मात्र त्याहून जास्त विचार करायला लावले ते उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यातल्या कामाने. तिथे २००५-०६ च्या सुमारास गावातल्याच तरुणांना थोडे दिवस शिकवून, बिनपगारी, वाचनाचे वर्ग सुरू केले होते. शाळा सुटल्यानंतरचे वर्ग, अगदी आपल्यासारखे. जी मुले नेमाने आली त्यांना चांगलाच गुण आला. एक अक्षर ओळखत नव्हती तीही अक्षरे ओळखू लागली. पण आली किती? शंभरातली आठ! ज्यांना मुळीच वाचता येत नव्हते त्यांच्यातलीही फार थोडीच आली. शिकवणारे होते, गुण येत होता, आणि ज्याला गरज त्याचेच पोर घरी. दोष कोणाचा म्हणाल? मी तरी आईबापांना सरळ दोष देणार नाही. आपले पोर वाचू शकत नाही हे त्यांना माहीतच नसते. पोर वर्षाला पास होते, वह्या भरलेल्या असतात. फळ्यावरचे उतरवून काढणे म्हणजे लिहिणे, असे घरच्यांना वाटते.

बिहारमध्ये २००८ च्या उन्हाळ्यात सरकारी शाळांतल्या शिक्षकांनीच महिनाभराचे असे वर्ग घेतले. गावातले स्वयंसेवक हाताशी होते. तिथेही मुले शिकली. तेच शिक्षक, तीच मुले. फक्त त्या महिन्यात धडा संपवण्याची घाई नव्हती आणि मूल जिथे होते तिथून आरंभ केला होता. म्हणून शाळेतल्या मास्तरांना नावे ठेवून उन्हाळी मुलांना डोक्यावर घेण्याचे काही कारण नाही.

दुसरा उन्हाळा

पुढल्या वर्षी ताईने बारा मुले नको म्हणून सांगितले. चारच द्या, पण सहा आठवडे रोज येणारी द्या. प्राध्यापकांना हे पटवायला मला दोन फेऱ्या पडल्या, कारण त्यांना बाराच्या बारा मुलांची सोय लावायची होती. शेवटी दोन मुली आणि दोन मुलगे आले. एक मुलगा यंत्रशाखेचा होता, एक मुलगी शेतीची, उरलेली दोघे वाणिज्य शाखेची. बालशिक्षणाचे ज्ञान कोणालाच नव्हते आणि त्याने काही बिघडले नाही.

पहिले तीन दिवस शिकवणे बंद. प्रत्येक मुलाला एकेकटे बसवून वाचायला दिले. आधी सोपी गोष्ट. ती न जमली तर चार ओळी. त्या न जमल्या तर सुटे शब्द, आणि तेही न जमले तर अक्षरे. मग इयत्ता न पाहता चार गट केले. अक्षरांच्या गटात दुसरीचीही मुले होती आणि सहावीचीही. ताईच्या डोळ्यांत पाणी आले, कारण दोन वर्षे तिच्याकडे येणारी आणि सुंदर अक्षरात वही लिहिणारी एक मुलगी त्या गटात निघाली.

प्रत्येक पाहुण्याच्या जोडीला गावातली एक बारावी झालेली किंवा कॉलेजात जाणारी मुलगी बसवायची, हे ताईचे डोके. चारांना तीनच मिळाल्या. या मुलींना संस्थेने थोडे मानधन दिले. पहिले चार दिवस त्या पाहुण्यांपुढे बोलायला लाजत. पाचव्या दिवशी शहरातल्या मुलाने 'राब' म्हणजे काय, 'खाचर' म्हणजे काय, असे विचारले तेव्हा त्यांना कंठ फुटला. पोरांना त्यांची भाषा जवळची होती. एक पोर 'पाणी'ला 'पानी' वाचत होते. पाहुणा पुन्हा पुन्हा चूक काढी आणि पोर गप्प होई. गावातली मुलगी म्हणाली, "वाचू द्या त्याला. आधी गाडी चालू दे."

वेळही बदलली. मे महिन्यात संध्याकाळी पाणी भरायचे असते, शेळ्या घरी आणायच्या असतात. म्हणून सकाळी साडेसात ते साडेनऊ. नंतर पोरे करवंदे-जांभळांना मोकळी.

वाचायला पुस्तकांपेक्षा इतर गोष्टी जास्त कामी आल्या. बियाण्याची रिकामी पाकिटे, खताच्या पोत्यावरची अक्षरे, शिधापत्रिका, लग्नाच्या पत्रिका, विजेचे बिल, एसटीची पाटी. शेतीच्या मुलीने माझ्याकडून जुन्या घडीपत्रिका मागून नेल्या. त्यातल्या 'प्रादुर्भाव', 'उगवणक्षमता' असल्या शब्दांवर पोरे अडखळू लागली, तेव्हा तिने मला विचारले, "सर, हे शब्द तुम्ही शेतकऱ्यांसाठी लिहिता का?" मी उत्तर दिले नाही. त्यानंतर मी चिठ्ठीत 'कीड पडली' असे लिहितो.

आता तो मुलगा. तो मंडपात आला नाही. पण या वेळी यंत्रशाखेचा मुलगा त्याच्याकडे गेला. पहिले दोन दिवस त्याने फक्त शेळ्यांची नावे विचारली आणि सायकलची चेन बसवून दिली. तिसऱ्या दिवशी त्याने शेळ्यांची नावे जमिनीवर काडीने लिहिली आणि कोणती कोणाची म्हणून विचारले. रोज सकाळी तासभर, माळावरच्या आंब्याखाली, दोघेच. बरे का, दोघेच म्हटले तरी जागा उघडी होती आणि गावची गुराखी मंडळी आसपास होती. परक्या माणसाला मुलांबरोबर बंद दाराआड बसू देऊ नये, हा नियम ताईने पहिल्या दिवसापासून ठेवला होता आणि पाहुण्यांनाही तो स्पष्ट सांगितला होता. चांगल्या मुलाला त्यात अपमान वाटत नाही. तुमच्याकडे कोणी आले तर तुम्हीही असेच सांगा.

सहा आठवड्यांत चमत्कार झाला असे मी लिहिणार नाही. अक्षरांच्या गटातली बहुतेक मुले शब्दांवर आली. शब्दांवरची काही चार ओळी वाचू लागली. काही मुले अर्ध्यातच आईबापांबरोबर दुसऱ्या बांधकामावर निघून गेली, त्यांचे काय झाले कोणाला कळले नाही. भेंडीवाल्या दादांचा मुलगा जोडाक्षरांवर अडत होता, पण साधे वाक्य बोट ठेवून पुरे करीत होता. पहिला पाऊस पडला त्या आठवड्यात मी दादांना भाताच्या रोपवाटिकेची चिठ्ठी दिली. मुलाने ती ओटीवर उभे राहून वाचली. बियाण्याला मिठाच्या पाण्यात बुडवा, वर तरंगेल ते काढून टाका, खाली बसेल ते धुऊन सुकवा. एवढे वाचायला त्याला पाच मिनिटे लागली. बाप खाली मान घालून ऐकत होता. वाचून झाल्यावर पोरगा मला म्हणाला, "साहेब, तुमचा अक्षर बरा नाय."

पाहुणे गेल्यावर

जूनच्या मध्याला पाहुणे गेले. खरी अडचण तिथून पुढे असते. जुलैत लावणी सुरू झाली की वर्गात निम्मी मुले. जोडीला बसलेल्या तीन मुलींपैकी दोघींनी वर्ग धरून ठेवला. संध्याकाळी तासभर, गट तेच, पाकिटे तीच. पहिल्या उन्हाळ्यानंतर मागे उरली होती गाणी. या वेळी मागे दोन माणसे उरली, म्हणून दिवाळीनंतर पुन्हा वाचायला लावले तेव्हा मुले मागे गेलेली नव्हती.

तुमच्या गावात अशी सुटीतली मुले येणार असतील तर माझे ऐका. किती येणार हे विचारू नका, किती दिवस रोज येणार ते विचारा. त्यांच्या स्वागताला पोरांना उन्हात उभे करू नका. तुमच्या सुनेला किंवा बारावी झालेल्या मुलीला त्यांच्या जोडीला बसवा आणि त्या वेळात तिला घरकामाला हाक मारू नका. ही शेवटची गोष्ट फार अवघड असते, हे मी पालेगावात पाहिले आहे. पोर पाठवाल ते वाचता न येणारे पाठवा. हुशार पोराला पुढे करण्याची आपल्याला सवय असते, कारण त्यात आपला मान असतो. आणि पोर आठ दिवस जाऊन आले की त्याच्यापुढे खताचे पोते आडवे टाका आणि वाच म्हणा. तुम्हांला स्वतःला वाचता येत नसले तरी पोर अडखळते की धावते हे कानाला कळतेच. पाहुण्यांना भाकरी द्या, कालवण तिखट असले तर आधी सांगा.

आमच्या पालेगावचे आजचे म्हणाल तर सगळे सुरळीत नाही. वर्ग धरून ठेवणाऱ्या दोघींपैकी एक गेल्या दिवाळीला आनंदनगरात एका कंपनीत कामाला लागली. तिच्या पगाराशी संस्थेचे मानधन बरोबरी करू शकत नाही आणि तिने जाऊ नये असे कोणी म्हणूही नये. दुसरीचे लग्न ठरले आहे. या मे महिन्यात चार पाहुणे यायचे आहेत आणि जोडीला बसायला अजून एकच मुलगी मिळाली आहे. ताई घरोघर फिरते आहे. परवा ती भेंडीवाल्या दादांकडे गेली होती. मुलगा दहावीची परीक्षा देऊन घरी आहे, निकालाची वाट पाहतो आहे. सकाळचे दोन तास येशील का म्हणून तिने विचारले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "येतो. पण पुढं बसणारी नको. मागची द्या."